काखेत नोड, गावाला वळसा : मेश वायफायमध्ये जवळचा नोड टाळणाऱ्या उपकरणांसाठी पायरीवार मार्गदर्शन

आमचे रत्नागिरीजवळचे घर दुमजली आहे. खालच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या आहेत आणि वरचा मजला नंतर स्लॅब टाकून चढवलेला आहे. दिवाणखान्यात मुख्य राउटर, मागच्या पडवीत एक नोड आणि वरच्या खोलीत दुसरा, असा तीन डब्यांचा मेश संच, म्हणजे एकाच नावाचे वायफाय मिळून घरभर पुरवणारे डबे (अशा प्रत्येक डब्याला नोड म्हणतात), आम्ही बसवला, तेव्हा आता घरात कुठेही बसून काम करता येईल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात वरच्या खोलीत, नोडपासून हातभर अंतरावरच्या टेबलाशी बसून मी व्हिडिओ कॉल लावला की मला समोरच्यांचे नीट ऐकू येई, पण त्यांना माझा आवाज तुटत तुटत पोहोचे. फोन तपासला, तर तो खालच्या दिवाणखान्यातल्या राउटरलाच धरून बसलेला असे.

पंधरा दिवस मी सेटिंग्ज उलटसुलट बदलत राहिले आणि त्यातली निम्मी मेहनत वाया गेली. ज्यांनी नुकताच मेश संच घेतला आहे आणि ज्यांचे फोन, टीव्ही किंवा कॅमेरे असेच लांबच्या नोडला चिकटतात, त्यांच्यासाठी सगळे क्रमाने लिहीत आहे. हा क्रम कृपया पाळावा, कारण बहुतेक जण थेट रोमिंगच्या, म्हणजे एका नोडवरून दुसऱ्यावर जाण्याच्या, सेटिंग्जमध्ये शिरतात आणि खरा दोष मात्र त्याच्या कितीतरी अलीकडे, बहुधा इंटरनेट कंपनीने बसवलेल्या फायबरच्या डब्यात, बसलेला असतो.

निर्णय कोणाचा असतो

मोबाइलवर बोलत बोलत आपण प्रवास करतो, तेव्हा एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाण्याचा निर्णय मुख्यतः नेटवर्कच्या बाजूने होतो, म्हणून वायफायही तसेच चालत असेल असे आपण धरून चालतो. वायफायमध्ये हा निर्णय फोन घेतो. राउटर फार तर सुचवू शकतो, किंवा फोनला जोडणीतून बाहेर काढू शकतो. पण बाहेर काढलेला फोन पुन्हा त्याच राउटरकडे आला तर बहुतेक संच त्याला काही वेळाने आत घेतातच.

सिग्नल डीबीएम या एककात मोजतात. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार. उणे ४५ म्हणजे नोड अगदी शेजारी आहे, उणे ६७ च्या आसपास व्हिडिओ कॉल नीट चालतो आणि उणे ८० ला साधे पान उघडायलाही ताटकळावे लागते. ३ डेसिबलचा फरक म्हणजे शक्ती दुप्पट आणि १० डेसिबलचा म्हणजे दहापट, एवढे लक्षात ठेवले की पुढचे आकडे वाचता येतात.

अ‍ॅपलने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, चालू जोडणीचा सिग्नल उणे ७० च्या खाली घसरेपर्यंत आयफोन दुसरा नोड शोधायला निघतच नाही. शोधायला निघाल्यावरही, डेटाची देवाणघेवाण चालू असेल तर नवा नोड किमान ८ डेसिबलने आणि ती चालू नसेल तर किमान १२ डेसिबलने सरस असावा लागतो. मॅकसाठी हा उंबरठा उणे ७५ आहे. अँड्रॉइडच्या फोनांत तो कंपनीनुसार आणि मॉडेलनुसार बदलतो, पण तत्त्व तेच राहते: हातातले बरे चालले असेल तर फोन मान वर करून बघत नाही.

आमच्या वरच्या खोलीत दिवाणखान्यातल्या राउटरचा सिग्नल उणे ६६ येत होता आणि टेबलाशेजारच्या नोडचा उणे ४२. चोवीस डेसिबल म्हणजे सुमारे अडीचशेपट जोरदार सिग्नल शेजारी असतानाही फोन हलत नव्हता, कारण त्याच्या लेखी उणे ६६ पुरेसे होते. राउटरचे प्रक्षेपण मात्र फोनपेक्षा बरेच जोरदार असते, त्यामुळे राउटरचे बोलणे स्लॅब ओलांडून फोनपर्यंत पोहोचत होते आणि फोनचे बोलणे राउटरपर्यंत पोहोचता पोहोचता क्षीण होत होते. माझे ऐकणे नीट आणि बोलणे तुटक होते, ते यामुळे. फोनवरच्या वायफायच्या रेघा फक्त येणारा सिग्नल दाखवतात, जाणाऱ्याबद्दल त्या काहीच सांगत नाहीत.

म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा रोख एकच आहे: माणूस जिथे बसतो तिथे जवळचा नोड ठळकपणे चांगला आणि लांबचा नोड ठळकपणे वाईट दिसला पाहिजे. यातला दुसरा भाग लोकांना पटायला जड जातो, कारण पैसे देऊन आणलेला डबा आपण हळू बोलता करणार असतो.

सुरुवातीला जवळ असावे असे

मेश संचाचे अ‍ॅप आणि त्याचा ॲडमिन पासवर्ड. फायबरच्या डब्याचा लॉगिन पासवर्ड, जो बहुधा डब्याच्या खालच्या स्टिकरवर असतो. सिग्नल मोजणारे एक अ‍ॅप. कागद, पेन आणि चिकटपट्टी. आणि शक्य असेल तर दहा-पंधरा मीटरची एक तयार लॅन केबल, जी कायम बसवायची नसली तरी पाचव्या पायरीवर लागेल. घरातल्यांना आधी कल्पना देऊन ठेवावी, कारण मालिका किंवा मॅच चालू असताना राउटर बंद केल्यास पुढचे काम शांतपणे होत नाही.

१. फोन नक्की कोणाला जोडलेला आहे ते बघा

घरात सगळीकडे वायफायचे नाव एकच दिसते, त्यामुळे नावावरून काही कळत नाही. प्रत्येक नोडच्या प्रत्येक बँडला (म्हणजे २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्याला) स्वतःचा बीएसएसआयडी असतो, म्हणजे दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्यांचा पत्ता. तो वाचता आला की फोन कोणत्या डब्याशी बोलतो आहे ते ओळखता येते.

अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर प्रकारचे कोणतेही अ‍ॅप चालते. ते लोकेशनची परवानगी मागते म्हणून दचकू नये, कारण आसपासच्या वायफायची यादी वाचण्यासाठी अँड्रॉइडच ती परवानगी सक्तीची करते. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये वायफाय व्हर्बोस लॉगिंग चालू केले, तर पुष्कळ फोनांत वायफायच्या यादीतच सिग्नलचा आकडा आणि बीएसएसआयडी दिसू लागतो. आयफोनवर अ‍ॅपलचेच एअरपोर्ट युटिलिटी हे अ‍ॅप घेऊन फोनच्या सेटिंग्जमध्ये त्यातला वायफाय स्कॅनर चालू करावा लागतो. मॅकवर ऑप्शनचे बटण दाबून धरून वरच्या वायफायच्या चिन्हावर क्लिक केले की सगळा तपशील उघडतो. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ (netsh wlan show interfaces) ही आज्ञा रोमन अक्षरांत टाइप करावी. तीत बीएसएसआयडी आणि चॅनल (बँडमधला नेमका कप्पा) दोन्ही येतात.

आता प्रत्येक डब्याशेजारी उभे राहून सर्वांत जोरदार दिसणाऱ्या बीएसएसआयडींची शेवटची चार अक्षरे कागदावर उतरवा आणि तीच चिठ्ठी त्या डब्यावर चिकटवा. डब्यावर छापलेला मॅक पत्ता (प्रत्येक उपकरणाचा नेटवर्कमधला ओळखक्रमांक; मॅक संगणकाशी त्याचा संबंध नाही) आणि हवेत दिसणारा बीएसएसआयडी यांत एखाद्या अक्षराचा फरक असू शकतो, म्हणून स्टिकरवरून उतरवण्यापेक्षा शेजारी उभे राहून वाचणे खात्रीचे.

येथे एक सापळा आहे. मेशच्या अ‍ॅपमध्ये कोणते उपकरण कोणत्या नोडवर आहे याची यादी असते आणि आपण तिच्यावर विसंबतो. ही माहिती कधीकधी काही मिनिटे शिळी असते. मी एकदा तासभर जो दोष शोधत होते, तो अ‍ॅपच्या पडद्यावरच उरला होता. फोन केव्हाच वरच्या नोडवर गेला होता.

२. दोष कोणत्या जातीचा आहे ते ठरवा

जिथे त्रास होतो तिथे, म्हणजे माझ्या बाबतीत वरच्या टेबलाशी, फोन लांबच्या नोडवर असताना उभे राहा. फोनचे वायफाय बंद करा, दहापर्यंत आकडे मोजा आणि पुन्हा चालू करा. मग बीएसएसआयडी वाचा.

फोन आता जवळच्या नोडला जोडला गेला, तर तुमची मांडणी मुळात बरी आहे आणि फोन फक्त चिकट आहे. त्याला हलवण्याचे उपाय सहाव्या पायरीपासून पुढे आहेत, तरी तिसरी पायरी मात्र वगळू नका. नव्याने जोडतानाही फोनने लांबचाच नोड निवडला, तर चिकटपणाचा प्रश्नच नाही. जवळच्या नोडमध्ये, त्याच्या जागेत किंवा त्याच्या नावातच काहीतरी खोट आहे, आणि ती तिसऱ्या ते पाचव्या पायरीत सापडेल.

ही चाचणी निदान दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनांवर करावी. एकच फोन हट्टी निघाला आणि बाकीचे शहाण्यासारखे वागले, तर संपूर्ण घराच्या सेटिंग्ज बदलण्याचे कारण नाही.

३. तोतये शोधून काढा

सगळ्यांत जास्त घरांत दोष येथे असतो, असे मला आता वाटते. फायबरची जोडणी देणारा माणूस जो डबा भिंतीवर बसवून जातो, त्याला स्वतःचे वायफाय असते. नंतर आपण मेश संच आणतो, जुने फोन आणि टीव्ही पुन्हा जोडत बसायला नको म्हणून मेशलाही तेच जुने नाव आणि तोच पासवर्ड देतो, आणि फायबरच्या डब्याचे वायफाय बंद करायचे राहून जाते. मग घरात एकाच नावाची दोन घराणी नांदतात. फोन त्या डब्याला चिकटला की तो मेशच्या बाहेर असतो, आणि मेशला त्याचा पत्ताही नसल्यामुळे कोणतीही रोमिंगची सेटिंग त्याला लागू होत नाही.

आमच्याकडे हेच झाले होते. पहिल्या पायरीत सगळ्या डब्यांच्या चिठ्ठ्या तयार झाल्यावर यादीत आमच्याच नावाचे दोन बीएसएसआयडी उरले, आणि ते कोणत्याच डब्याचे नव्हते. शोधता शोधता ते दारामागे, चपलांच्या कपाटावर टांगलेल्या फायबरच्या डब्याचे निघाले.

त्या डब्यात लॉगिन करून त्याचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ ही दोन्ही वायफाय बंद करा. काही डब्यांत ग्राहकाला हा पर्याय दिलेला नसतो. तेव्हा सेवा देणाऱ्याच्या ग्राहक केंद्राला फोन करून ‘डब्याचे वायफाय बंद करून द्या’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे. डबा ब्रिज मोडवर, म्हणजे स्वतः राउटरचे काम न करता इंटरनेट नुसते पुढे देईल असा, टाकून मिळाला तर उत्तम. तो मिळत नसेल तर मेशच्या मुख्य राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर ठेवता येते, म्हणजे घरात उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटणारा एकच डबा राहतो. मात्र काही संचांत या मोडवर पालक-नियंत्रणासारख्या काही सोयी बंद होतात, ते आधी पाहून घ्यावे.

जुना रिपीटर (वायफायचा सिग्नल पुढे ढकलणारा डबा) असेल तर तो सॉकेटमधून काढून ठेवा. स्वतःचे वेगळे नाव लावणारे रिपीटर फोनच्या दृष्टीने निराळेच नेटवर्क असतात, आणि एका नावावर जोडलेला फोन केवळ दुसरे नाव जोरदार आहे म्हणून सहसा तिकडे जात नाही. असली जुनी नावे फोनमधून ‘फरगेट’ करून टाकावीत.

शेवटी एक तपासणी: प्रत्येक नोडवर असताना फोनच्या वायफायच्या तपशिलात गेटवेचा, म्हणजे इंटरनेटकडे नेणाऱ्या राउटरचा, पत्ता बघा. तो सगळीकडे एकच, उदाहरणार्थ १९२.१६८.०.१, असला पाहिजे. एखाद्या नोडवर तो बदलत असेल, तर तो डबा मेशचा भाग नसून स्वतंत्र राउटर म्हणून चालला आहे आणि तेथे पोहोचल्यावर तुमचा कॉल प्रत्येक वेळी तुटणारच.

४. डब्यांच्या जागा तपासा

दोन नोड फार लांब असले की मधे खड्डा पडतो, हे सगळ्यांना समजते. फार जवळ असले की काय होते ते मात्र कोणी सांगत नाही. दोन खोल्यांच्या सपाट घरात तीन डब्यांचा संच लावला, तर प्रत्येक कोपऱ्यात तिन्ही डबे उणे ५५ ने दिसतात आणि फोनला जागा सोडण्याचे कारणच उरत नाही. दुकानात तीन डब्यांचा संच स्वस्त पडतो म्हणून घेतलेला असतो आणि मग तिन्ही डबे लावलेच पाहिजेत असे वाटते. साध्या दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एक डबा बंद करून बघा. पुष्कळदा तेवढ्यानेच प्रश्न मिटतो.

माझा अंदाजपंचे नियम असा आहे: दोन नोडांच्या मधोमध उभे राहिल्यावर दोघांचाही ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल उणे ६५ ते उणे ७० च्या दरम्यान यावा. त्याहून बराच जोरदार असेल तर डबे लांब करा, क्षीण असेल तर जवळ आणा.

भिंतींचा उपयोग करून घ्यावा. चिऱ्याची जाड भिंत किंवा स्लॅब ही एरवी वायफायची शत्रू असते, पण लांबच्या नोडला दबवायला तीच कामाला येते. आमचा दिवाणखान्यातला राउटर जिन्याच्या तोंडाशी होता, त्यामुळे त्याचा सिग्नल जिन्याच्या पोकळीतून सरळ वर चढत असे. तो दोन मीटर आत, भिंतीआड सरकवल्यावर वरच्या टेबलाशी त्याचा सिग्नल उणे ६६ वरून उणे ७४ वर उतरला आणि माझा फोन पहिल्यांदाच आपण होऊन वरच्या नोडवर गेला. त्यासाठी एकही सेटिंग बदलावी लागली नाही.

उलट, जवळचा नोड झाकला गेलेला नसावा. लोखंडी कपाटाच्या मागे, टीव्हीच्या पाठीमागे, मोठ्या आरशाआड किंवा फिश टँकच्या शेजारी ठेवलेला नोड नकाशावर जवळ असला तरी फोनला जवळचा वाटत नाही. डबा दिसायला नको म्हणून तो शोकेसमध्ये ठेवण्याची हौसही अशीच महागात पडते.

५. नोडची मुख्य राउटरशी जोडणी तपासा

नोडही स्वतः एक उपकरणच आहे आणि तोही मुख्य राउटरशी हवेतून बोलत असेल, तर त्याचीही जोडणी क्षीण असू शकते. काही संच क्षीण जोडणीच्या नोडकडे फोन पाठवणे मुद्दाम टाळतात, त्यामुळे आपल्याला दोष वाटणारी गोष्ट त्यांचा शहाणपणा असू शकते. शिवाय ज्या संचात ५ गिगाहर्ट्झचा एकच रेडिओ आहे, तेथे फोनशी आणि मुख्य राउटरशी तोच आळीपाळीने बोलतो, म्हणून प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. जवळच्या नोडवर असताना लांबच्यापेक्षा कमी वेग मिळत असेल, तर फोनला तिकडे ढकलण्यात काही हशील नाही.

येथे ती लॅन केबल बाहेर काढा. जिन्यावरून तात्पुरती टाकून मुख्य राउटर आणि वरचा नोड जोडा व पुन्हा मोजा. फरक डोळ्यांना दिसण्याइतका असेल, तर केबल कायमची बसवून घ्यावी. कॅट ५ई किंवा कॅट ६ घ्यावी. एका तुकड्याची मर्यादा १०० मीटर आहे, म्हणजे घरासाठी अडचण येत नाही. वायरमन विजेच्या वायरींच्याच पाइपातून ती ओढायला निघतो, त्याला तसे करू देऊ नये आणि वेगळी पट्टी मारून घ्यावी.

एका मागे एक नोड असतील तर अ‍ॅपमध्ये कोणता नोड कोणाला जोडलेला आहे तेही बघा. आमचा वरचा नोड मुख्य राउटर सोडून पडवीतल्या नोडमार्फत बोलत होता. नोडलाही चिकटण्याचा रोग असतो. त्याला बंद करून पुन्हा चालू केल्यावर तो सरळ झाला.

६. २.४ गिगाहर्ट्झचा आवाज कमी करा

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून जास्त लांब जातात, म्हणून लांबच्या राउटरला चिकटलेला फोन बहुधा याच बँडवर सापडतो. ज्या संचांत प्रक्षेपणाची शक्ती बदलता येते, तेथे मुख्य राउटरची २.४ ची शक्ती उच्चवरून मध्यम किंवा कमी करावी. जेथे डेसिबलचे आकडे दिलेले असतात, तेथे २.४ ची शक्ती ५ गिगाहर्ट्झच्या शक्तीपेक्षा ६ ते ७ डेसिबलने खाली ठेवण्यापासून सुरुवात करावी. एका वेळी एकच बदल करून एक दिवस वापरून बघावे.

चॅनलची रुंदी या बँडवर २० मेगाहर्ट्झच ठेवावी आणि १, ६ किंवा ११ यांपैकीच चॅनल निवडावे, कारण तीनच चॅनल एकमेकांवर न चढता मावतात. मधले ३ किंवा ८ रिकामे दिसते म्हणून घेतल्यास दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचा गोंगाट ऐकावा लागतो.

५ गिगाहर्ट्झमध्ये ५२ ते १४४ या दरम्यानचे चॅनल रडारबरोबर वाटून घेतलेले असतात. तेथे राउटर चालू झाल्यावर किमान एक मिनिट रडार आहे का ते ऐकत बसतो आणि मगच बोलू लागतो. तेवढ्यात फोन आणि टीव्ही २.४ वर जाऊन बसलेले असतात. फोनही या चॅनलांवरचे नोड शोधायला जास्त वेळ घेतात. शेजारी फार गर्दी नसेल तर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ हे चॅनल घरासाठी सुखाचे.

पुष्कळ घरगुती संचांत यांतले काहीच बदलता येत नाही, सगळे आपोआप. अशा वेळी चौथ्या पायरीवर परत जाऊन डबा भिंतीआड सरकवणे हाच शक्ती कमी करण्याचा उपाय.

७. रोमिंगच्या सेटिंग्ज

अ‍ॅपमध्ये ‘फास्ट रोमिंग’ किंवा तत्सम नावाखाली तीन निरनिराळी मानके एकत्र बांधलेली असतात आणि त्यांची कामे वेगळी आहेत. ८०२.११ के मुळे नोड फोनला आसपासच्या नोडांची यादी देतो, म्हणजे फोनला सगळे चॅनल चाळावे लागत नाहीत. ८०२.११ व्ही मुळे नोड फोनला ‘तू तिकडे जा’ असे सुचवू शकतो. ऐकायचे की नाही ते फोनच्या मर्जीवर. ८०२.११ आर मुळे नव्या नोडवर जाताना ओळख पटवण्याचा वेळ वाचतो. नोड कधी बदलायचा यावर त्याचा काही परिणाम नाही, पण बदलताना कॉल अडखळत नाही.

के आणि व्ही बेलाशक चालू करावीत. आर चालू केल्यावर मात्र जुने प्रिंटर, स्वस्तातले स्मार्ट प्लग किंवा एखादा जुना लॅपटॉप वायफायला जोडायलाच नकार देऊ शकतो. तसे झाल्यास आर बंद करा किंवा अशा उपकरणांसाठी अ‍ॅपमधून वेगळे २.४ गिगाहर्ट्झचे नेटवर्क उघडा.

काही संचांत किमान सिग्नलचा उंबरठा ठरवता येतो आणि त्याखाली गेलेल्या उपकरणाला राउटर बाहेर काढतो. एसूसच्या राउटरांत याला ‘रोमिंग असिस्टंट’ म्हणतात. हे दुधारी शस्त्र आहे. उणे ७० पासून सुरुवात करण्याचा मोह आवरावा, कारण घराच्या ज्या कोपऱ्यात दोन्ही नोड उणे ७२ ने येतात तेथे फोनला दोन्हीकडून हाकलले जाते आणि वायफाय सारखे येते-जाते. उणे ८० पासून सुरू करून दोन-दोन डेसिबलने वर यावे. आमच्या पडवीच्या टोकाला, झोपाळ्यावर बसल्यावर, मी ही दोन्हीकडची हकालपट्टी अनुभवली आहे. त्या दिवशी बाबांचा भजनाचा कार्यक्रम दर मिनिटाला थांबत होता आणि त्यांनी मला नावानिशी हाक मारली.

८. उपकरणाच्या बाजूने काय करता येते

विंडोजच्या लॅपटॉपवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या ॲडव्हान्स्ड या पानावर, विशेषतः इंटेलच्या कार्डांत, ‘रोमिंग ॲग्रेसिव्हनेस’ नावाचा पर्याय असतो. तो मध्यमवर असतो. एक पायरी वर नेऊन बघावा. एकदम कमालीवर नेल्यास लॅपटॉप सतत नोड शोधत फिरतो. तेथेच पसंतीचा बँड म्हणून ५ गिगाहर्ट्झ निवडता येतो.

फोनांत असे बटण नसते. चिकट फोनाला हलवण्याचा रोकडा उपाय म्हणजे वायफाय बंद-चालू करणे, आणि एखाद्या महत्त्वाच्या कॉलआधी तो करण्यात कमीपणा मानू नये.

टीव्ही, कॅमेरा, स्मार्ट प्लग ही जागची न हलणारी उपकरणे आहेत. त्यांना रोमिंग नकोच असते, हक्काचा एक नोड हवा असतो. काही संचांत एखादे उपकरण विशिष्ट नोडला बांधून ठेवता येते. टीपी-लिंकच्या डेकोमध्ये आणि एसूसच्या एआयमेशमध्ये तशी सोय आहे. बांधताना एक काळजी घ्यावी. फोन किंवा टॅब्लेट बांधत असाल तर त्यावर घरच्या नेटवर्कपुरता ‘खासगी मॅक पत्ता’ बदलत राहणारा नाही ना ते बघावे, नाहीतर पत्ता बदलला की संच त्याला नवा पाहुणा समजतो.

९. लाईट जाऊन आल्यावर

हा भाग मला कोणत्याही माहितीपुस्तिकेत मिळाला नाही, पण कोकणात राहणाऱ्यांना तो पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा भोगावा लागतो. आमचा मुख्य राउटर इन्व्हर्टरवर आहे आणि वरचा नोड साध्या सॉकेटवर होता. लाईट गेली की वरचा नोड मरे आणि वरची सगळी उपकरणे नाइलाजाने खालच्या राउटरला जोडली जात. लाईट आल्यावर नोडला पूर्ण चालू व्हायला दोन-तीन मिनिटे लागत. टीव्ही आणि कॅमेरा त्याआधीच जागे होऊन खालच्या राउटरला धरून बसत आणि पुढची लाईट जाईपर्यंत तिथेच राहत. मी त्या पंधरा दिवसांत ज्या सेटिंग्जना दोष दिला, त्यांतला बराचसा घोळ हा होता.

उपाय दोन आहेत. एक तर सगळे नोड इन्व्हर्टरच्या सॉकेटवर घ्यावेत, किंवा प्रत्येक नोडला राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस लावावा. तो घेताना नोडच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून तेच असलेला घ्यावा. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असले तरी सगळे नसतात, आणि पिन बसते म्हणून चुकीच्या व्होल्टचा यूपीएस लावल्यास डबा जळू शकतो. दुसरा उपाय फुकटचा आहे: लाईट आल्यावर पाच मिनिटे थांबून टीव्ही आणि कॅमेऱ्याचे बटण एकदा बंद-चालू करावे.

१०. फिरून पुन्हा मोजा

सगळे झाल्यावर फोन हातात धरून घरातून नेहमीच्या चालीने फिरा. दिवाणखान्यात सुरुवात करा, व्हिडिओ कॉल चालू ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटे थांबून बीएसएसआयडी आणि सिग्नल लिहा. येतानाचे आणि जातानाचे आकडे वेगळे येतील. वर जाताना फोन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर नोड बदलेल आणि खाली येताना दिवाणखान्याच्या मध्यावर, कारण दोन्ही वेळा तो हातातली जोडणी जमेल तितकी धरून ठेवतो. हा दोष नव्हे. फोन ज्या ठिकाणी मुक्कामाला थांबतो, म्हणजे टेबल, पलंग, झोपाळा, तेथे तो योग्य नोडवर असला की पुरे.

यानंतरही एखादा नोड सगळ्याच उपकरणांनी टाळला, तर तो आणि दुसरा नोड यांच्या जागांची अदलाबदल करा. टाळले जाणे डब्याबरोबर दुसऱ्या खोलीत गेले, तर डबाच सदोष आहे आणि वॉरंटीत बदलून मागावा. कागदावर लिहिलेले आकडे तेव्हा उपयोगी पडतात, कारण ‘नेट स्लो आहे’ या तक्रारीला ग्राहक केंद्रात ‘राउटर रीस्टार्ट करा’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. टाळले जाणे जुन्याच खोलीत राहिले, तर चौथ्या पायरीवर परत यावे लागेल.

आमच्याकडे आता दोन फोन, लॅपटॉप, टीव्ही आणि कॅमेरा आपापल्या नोडवर आहेत. जुना प्रिंटर मात्र वरच्या नोडच्या शेजारी बसून अजूनही पडवीतल्या नोडला जोडला जात असे. त्याच्यासाठी एक मीटरची लॅन केबल आणली आणि तो थेट नोडच्या मागच्या पोर्टमध्ये जोडून टाकला.